सातबारावर बोजा, हातात पेढे

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी परवा पेढे घेऊन आल्या. मला वाटलं, मुलगी पास झाली. तर म्हणाल्या, "न्हाई ओ ताई, सातबारावर बोजा चढला!" जमिनीवर बोजा चढला म्हणून पेढे वाटणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

जमीन अर्थातच नवऱ्याची, पौडच्या पुढे, मुळशी तालुक्यात. मावशी मुलीला घेऊन कोथरूडला राहतात, दिवसाला सात घरच्या पोळ्या लाटतात. अडीच वर्षांपूर्वी कोर्टानं पोटगी मंजूर केली. नवऱ्यानं चार महिने भरली आणि मग हात वर केले. "माझ्याकडे काही नाही" हे नेहमीचं उत्तर. आणि इकडे जमिनीला गिऱ्हाईक शोधत एजंट फिरायला लागले! जमीन एकदा विकली गेली की पैसा कुठे जिरतो, हे कुणाला सांगायला नको. मावशींच्या हातात राहिला असता तो कोर्टाचा कागद.

आपल्याला वाटतं, पोटगीचा हुकूम झाला की जिंकलो. पण पैसे आपोआप येत नाहीत, वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. फौजदारी कायद्याचं जुनं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, असं सांगतं की थकलेली पोटगी कोर्टाच्या दंडासारखी वसूल करायची. आणि दंड वसूल करायची एक रीत अशी, की कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवतं आणि रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल होते. ते वॉरंट तहसीलदारांकडून गावच्या तलाठ्यापर्यंत येतं (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). मग फेरफार होतो आणि सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा दिसू लागतो. जमीन भावाभावांत असेल तर बोजा नवऱ्याच्या हिश्श्यापुरताच.

एक गोष्ट मात्र मावशींना फार उशिरा कळली. असा अर्ज रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. त्यांनी केला तेव्हा एकोणीस महिने थकले होते. म्हणजे सात महिने या वाटेनं गेलेच! "देईल आज ना उद्या" म्हणत थांबल्या, दुसरं काय.

नवरा महिनाभर तुरुंगात बसला तर पैसे फिटले, असंही गावात सर्रास सांगतात. ते खोटं आहे. शिक्षा भोगली तरी देणं उरतंच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगितलंय.

शेतीऐवजी शहरातला फ्लॅट असेल तर? फ्लॅटला वेगळा सातबारा नसतो. तिथे कोर्टाकडे जप्ती मागायची. राहतं घरच विकायला काढलं असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली विक्रीला मनाई मागता येते. हुकमाची प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीला नेऊन द्यायची आणि पोच घ्यायची. पोच महत्त्वाची हं!

वकिलाच्या फीची काळजी असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० या नंबरवरही विचारता येतं. नवऱ्याचा गट नंबर माहीत असेल तर सातबारा घरबसल्या मोबाईलवर पाहता येतो. मावशींना तो मुलीनंच काढून दाखवला.

बोजा चढला म्हणजे पैसे आले असं नाही, हे मावशींना पक्कं ठाऊक आहे. प्रसंगी लिलावापर्यंत जावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. पण उतारा बघून एजंट परत गेला. आणि दोन वर्षांत ज्याचा फोन नव्हता, त्याचा त्याच रात्री आला. बोजा उतरवायला किती भरावे लागतील, म्हणून.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, कोर्टात भरा. मला पावती दाखवा." आणि त्यांनी परातीत कणीक ओढली.