जाड, रुंद आणि तिरपें

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं नातवाची मुंज झाली. त्यानंतर आठव्या दिवशीं माझ्या वृद्ध आत्याबाई भिक्षावळीच्या लाडवांचा डबा घेऊन दारांत उभ्या राहिल्या. मुहूर्त ११ तारखेचा. त्या आल्या १९ ला. त्यांनीं पिशवींतून निमंत्रणपत्रिका काढून माझ्यापुढें धरली. तारीख जाड, ऐसपैस आणि उजवीकडे झुकलेल्या आंकड्यांत छापलेली. वार व तिथि खालीं इतक्या बारीक कीं मोतीबिंदूच्या डोळ्यांस त्या दिसूं नयेत. "अरे, अकरा होते होय? मला तर एकोणीस दिसले," एवढेंच त्या म्हणाल्या. पत्रिका कोणीं छापली हें सांगण्याचें कारण नाहीं. मुद्रित वाचून 'ठीक आहे' म्हणणारा मीच होतों.

त्या दिवसापासून या अक्षरवळणाचें कूळ शोधण्याचा मला छंद लागला, आणि एक मौज कळली. तिरपें अक्षर मूळचें फार मितभाषी. १५०१ सालीं व्हेनिस येथें आल्डुस मानुत्सिओ या विद्वान मुद्रकानें व्हर्जिल कवीचें काव्य लहान आकारांत छापलें, तेव्हां फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिरानें कोरलेलें तिरपें वळण त्यानें सबंध पुस्तकास वापरलें. इटालियन पंडितांच्या हस्ताक्षरावरून तें घेतलेलें होतें. अंगानें तें सडपातळ, त्यामुळें थोड्या जागेंत पुष्कळ मजकूर मावे व पुस्तक हातांत धरून वाचतां येई.

त्यास लठ्ठपणा आला तो तीनशें वर्षांनीं, लंडन शहरांत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें सरकारी सोडती, नाटकें आणि नाना तऱ्हेचा माल यांच्या जाहिराती भिंतीभिंतींवर झळकूं लागल्या. वाचक आतां आसनावर बसलेला नव्हता. तो रस्त्यानें चालला होता. त्यास थांबवावयाचें तर अक्षर दुरून दिसलें पाहिजे. रॉबर्ट थॉर्न नांवाच्या खिळे ओतणाऱ्यानें उभ्या रेघा इतक्या जाड केल्या कीं त्यांची रुंदी अक्षराच्या उंचीच्या सुमारें दोन पंचमांश झाली. आडव्या रेघा मात्र केसासारख्या बारीकच राहिल्या. रेघ जाडावली कीं अक्षराचें पोट बुजूं लागतें, म्हणून अक्षर रुंद करावें लागतें. आणि रुंद अक्षर जड, बसकें दिसूं लागलें कीं त्यास गति यावी म्हणून झुकवावें लागतें. असा हा एकांतून दुसरा उपाय निघत गेला. १८२० सालीं थॉर्न वारला व त्याचा कारखाना विल्यम थॉरोगुड यानें विकत घेतला. सोडतींत लागलेल्या पैशांतून त्यानें तो घेतला असें सांगतात. ज्या सोडतींच्या जाहिराती या खिळ्यांनीं गर्जत होत्या, त्यांनींच त्यांना धनी मिळवून द्यावा, हा योगायोग खासा! जुन्या वळणाच्या मुद्रकांस हें सारें रुचलें नाहीं. हॅन्सार्ड यानें १८२५ सालच्या आपल्या मुद्रणविषयक ग्रंथांत या धष्टपुष्ट खिळ्यांवर चांगलेंच तोंडसुख घेतलें आहे. मला तो राग थोडा अवाजवी वाटतो. भिंतीवरच्या अक्षरानें पोथींतील अक्षरासारखें कां वागावें?

शिशाच्या खिळ्यांत तिरपेपणा महागहि पडे. खिळ्याचा ठोकळा सरळ चौकोनी. झुकलेल्या अक्षराचें टोंक त्याच्या बाहेर डोकावे आणि दाबाखालीं मोडे. पुढें १८२७ सालीं न्यूयॉर्क येथें डेरियस वेल्स यानें यंत्रानें लांकडी अक्षरें कोरण्याची युक्ति काढली, तेव्हां हातभर उंचीचीं अक्षरेंहि स्वस्त झालीं.

आतां आपल्या देवनागरीकडे वळूं. बोरूची टांक रोमन लेखकाच्या लेखणीच्या उलट बाजूस तिरकी कापलेली, त्यामुळें आपल्या अक्षरांतील जाडीचा भरहि उलट्या कर्णावर पडतो. शिवाय शिरोरेषा! अक्षर झुकविलें तरी ती आडवीच राहते. खालचा दांडा मात्र कलतो, आणि वरचें सगळें उजवीकडे सरकतें. अनुस्वार आपलें अक्षर सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊं पाहतो. रफाराचीहि तीच गत. त्यांत जाडी वाढली कीं घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांतला भेद ज्या चिमुकल्या पांढऱ्या जागेवर अवलंबून, तीच बुजते. १ ची गांठ भरली कीं ती ९ ची भासूं लागते. आत्याबाईंचें चुकलें तें इतकेंच.

जावजी दादाजी यांनीं निर्णयसागर छापखाना १८६९ सालीं काढला. राणोजी रावजी आरू यांनीं त्यासाठीं कोरलेलीं अक्षरें आजहि जुन्या पोथ्यांत पाहावींत. मूळ श्लोक मोठ्या खिळ्यांत, टीका लहान खिळ्यांत. भेद ठळक, तरी सारें उभें. श्लोकाचें महत्त्व सांगावयास त्यांना अक्षर झुकवावें लागलें नाहीं. आज संगणकावर एक कळ दाबली कीं अक्षर जाडावतें, दुसरी दाबली कीं कलतें; परंतु अक्षराचें पोट राखण्याचें काम कळ करीत नाहीं. तें जाणत्या अक्षरकारानें प्रत्येक अक्षर नव्यानें रेखाटूनच करावें लागतें, व असे अक्षरकार आज आपल्याकडे आहेत. दुकानाची पाटी, नाटकाचें नांव, मोटारीवरील बिरूद यांस तसलें वळण शोभतें, आणि तेथें मी तें आवडीनें पाहतों.

मार्गशीर्षांत पुतणीचें लग्न आहे. पुतण्यानें परवां पत्रिकेचें मुद्रित आणलें. वधूवरांचीं नांवें त्याच्या हौसेप्रमाणें जाड व झुकलेलीं राहूं दिलीं. तारीख उभ्या, मध्यम अंगाच्या आंकड्यांत घातली, शेजारीं ती अक्षरांतहि लिहविली, आणि तें मुद्रित छापखान्यांत परत धाडण्यापूर्वीं आत्याबाईंकडे वाचावयास पाठविलें.