ऑयलरने पारखलेली मूळ संख्या

2 च्या 31 व्या घातातून 1 वजा केल्यावर येणारी 2,14,74,83,647 ही संख्या मूळ आहे, म्हणजेच 1 व ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, हे लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने 1772 मध्ये सिद्ध केले. अशा तपासणीत वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे असते. परंतु येथे वर्गमूळच 46,340 हून किंचित अधिक असल्याने साडेचार हजारांहून अधिक भागाकार करावे लागले असते. ऑयलरने आधी असे दाखवले की या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरली पाहिजे. त्यामुळे 3, 7, 11 यांसारख्या संख्या आपोआप बाद झाल्या, पहिला खरा उमेदवार थेट 311 ठरला आणि जास्तीत जास्त 372 भागाकारांत काम भागले. हाताने केलेल्या आकडेमोडीत ही बचत मोठी खरीच, पण तिच्यामागील विचार त्याहूनही देखणा आहे. संगणकात 32 बिटांपैकी एक बिट चिन्हासाठी राखून ठेवल्यास मावणारी सर्वांत मोठी पूर्णांक संख्या हीच होय.