बाळाचे डोळे, बापाची तपासणी

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी आशाताई घरी येते. बाळाचं वजन करते, नाळ बघते, डोळे बघते. पापण्या सुजून चिकटलेल्या, कडेला घट्ट पिवळा पू. आजी म्हणते, "डोळे आलेत. आईचं दूध घाल, नाहीतर काजळ." दोन्ही नको. पहिल्या पाच दिवसांत असा पू आला तर तो परम्याच्या, म्हणजे गोनोरियाच्या, जंतूचा असू शकतो, आणि हा जंतू बघता बघता बुबुळ पोखरतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हा आजार बाळाला जन्मवाटेतून, आईकडून लागतो आणि आईला बहुधा नवऱ्याकडून. मोठ्यांच्या घशातही तो मुखमैथुनातून शिरतो. घसा क्वचितच दुखतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय घशातला परमा बरा व्हायला जास्त चिवट.

गरमीचं, म्हणजे सिफिलिसचं, आणखी वेगळं. ती पोटातच बाळापर्यंत पोचते. जन्मतः मूल बऱ्याचदा धडधाकट दिसतं. डोळ्यात फूल पडणं, ऐकू कमी येणं शाळेच्या वयात सुरू होऊ शकतं. तेव्हा गरमीची शंका कुणाला येणार? मोठ्यांनाही उपचार न केलेल्या गरमीत अंधूक दिसू शकतं, कानात आवाज येऊ शकतात.

गरोदरपणात पहिल्याच तपासणीला रक्त देऊन गरमी आहे का ते कळतं. उपाय पेनिसिलिनचा, २४ लाख युनिटचं इंजेक्शन. आजार किती जुना हे ठाऊक नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. खरी अडचण इथेच आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. दुसरं इंजेक्शन गावात, तिसऱ्याच्या वेळी बाई भट्टीवर. गरोदर बाईचा मधला डोस लांबला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि उपचार बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी झाला नाही, तर बाळाला संरक्षण मिळालं असं डॉक्टर धरत नाहीत.

नवरे मात्र मोटारसायकलवर बायकोला सोडून बाहेरच थांबतात. "मला काय झालंय?" हा प्रश्न मला सगळ्यात महाग वाटतो; नवरा तपासणीतून सुटला तर बायकोवरचा उपचार फुकट, कारण आजार पुन्हा घरातच येतो.

तेव्हा भट्टीवर निघण्याआधी आशाताईला तारीख सांगा, तपासणीचं कार्ड सोबत घ्या आणि राहिलेलं इंजेक्शन तिथल्या सरकारी दवाखान्यात मागून घ्या. नवऱ्याने दवाखान्यात आत यावं. विचारायला लाज वाटत असेल तर १०९७ हा फोन मोफत आहे.