घासातला घास: मोत्याला नि मनीला काय देऊ नये?

जानेवारी उजाडला की नाशिकच्या घराघरांत द्राक्षं येऊ लागतात. कुणाचा दीर दिंडोरीहून पेटी पाठवतो, कुणाच्या मामेसासऱ्यांची निफाडला बाग असते. रात्रीची जेवणं आटोपली की सारी मंडळी घड मधे ठेवून बसतात आणि पायाशी शेपटी हलवत बसतो मोत्या. धाकटा चिरंजीव एक द्राक्ष स्वतःच्या तोंडात टाकतो, एक त्याच्याकडे भिरकावतो. मोत्या ते वरच्यावर झेलतो. सगळे हसतात, तुम्हीही कौतुकानं पाहता.

मैत्रिणींनो, हे कौतुक आजपासून बंद करा!

आपल्याकडे माया म्हणजे भरवणं. घरातल्या मुक्या जिवालाही आपल्या ताटातला घास दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पण आपल्याला मानवतं ते त्यांना मानवतंच असं नाही. दुर्दैवानं आपल्या जिल्ह्याची दोन नामांकित पिकं, द्राक्षं आणि कांदा, ही दोन्ही त्यांना घातक आहेत.

द्राक्षं, मनुका आणि चिंच

द्राक्षं किंवा मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलं. किती खाल्ली म्हणजे धोका, याचा हिशेब मात्र लागत नाही. एखाद्याला मूठभर पचून जातात, दुसऱ्याला थोडीही भोवतात. तेव्हा 'एकानं काय होतंय' असं म्हणूच नका. आधी उलट्या होतात, मग अन्नावरची वासना जाते, कुत्रा मलूल पडून राहतो आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. २०२१ साली तज्ज्ञांनी याचं कारण म्हणून द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणून शिऱ्यातल्या मनुका, प्रसादाचे बेदाणे आणि चिंचेची आमटी, तिन्ही मोत्यापासून दूर ठेवा.

कांदा-लसूण

लासलगावचा कांदा साऱ्या देशात जातो, पण आपल्या मनीच्या पोटात तो जाता कामा नये. कांद्या-लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराला तर अगदी थोडाही बाधतो. शिजवला म्हणजे दोष जातो, असा कित्येकींचा समज असतो. तो साफ चुकीचा आहे. उरलेला रस्सा भातावर ओतून देणं, चिवड्याचा चुरा पुढे टाकणं, सारं सारखंच. त्रास लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, धाप लागते आणि तोवर आपण रस्सा विसरून गेलेले असतो.

घरगुती गोळी नकोच

मनीचं अंग गरम लागलं म्हणून आपली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, दुधातून देणाऱ्या बायका आहेत. हेतू चांगला, पण मांजराच्या शरीराला हे औषध पचवताच येत नाही. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय माणसांची औषधं देऊ नयेत.

दूधभातावरची मांजर

शाकाहारी घरांत मांजर दूधभातावरच वाढते. पण मांजर जात्याच मांसाहारी. तिला लागणारं टॉरिन नावाचं द्रव्य मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं की नजर अधू होते आणि हृदयही दुबळं होतं. हृदयाचं हे दुखणं १९८७ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. घरात मासळी-मटण चालत नसेल तर मांजरांसाठीचं तयार खाणं आणावं. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधानं ढाळ लागते, हेही ध्यानात असू द्या.

वागणं बदललं तर

मुकं जनावर दुखणं वागण्यातून सांगतं. बोका सारखा मातीत जाऊन बसतो, कुंथतो, पण लघवी होत नाही, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. लघवी तुंबली असेल तर एक-दोन दिवसांत प्राणावर बेततं.

कुत्रा खाताना गुरगुरला तर त्याला मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. मारून ती बंद केलीत तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावेल. त्याचं खाणं ठरल्या वेळी, त्याच्याच ताटलीत, मुलांपासून बाजूला द्या. म्हणजे आपल्या पानाशी येऊन भुंकण्याची सवयही सुटते. फक्त घरातल्या साऱ्यांनी, अगदी सासूबाईंनीसुद्धा, हा नियम पाळायला हवा हं!

दिवस गेले असतील तर

'सुनेला दिवस गेलेत, मांजर हाकला' असं वडीलधारी माणसं म्हणतात. त्यात तथ्य थोडं आहे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो आणि तो गर्भाला अपायकारक असतो. पण विष्ठा पडल्यापासून निदान एक दिवस गेल्याशिवाय तो बाधत नाही. म्हणून मातीचा ट्रे रोज साफ करावा आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावा. भाज्या नीट धुवा, मांस पुरतं शिजवा, कुंड्यांत काम केल्यावर साबणानं हात धुवा. एवढं केलंत तर बिचाऱ्या मनीला घराबाहेर काढायचं कारण नाही.

स्वयंपाकघरात चिकटवून ठेवा

- द्राक्षं, मनुका, चिंच, कांदा, लसूण, चॉकलेट आणि शिजलेली हाडं देऊ नयेत.
- चुकून खाल्लं तर त्रास होण्याची वाट न पाहता ताबडतोब पशुवैद्यांकडे न्यावं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये.
- काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना सांगावं.
- रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी.
- चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावं. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

आज रात्री द्राक्षांचा घड मधे ठेवाल, तेव्हा मोत्या नेहमीसारखा आशेनं बघेलच. त्याला पोळीचा कोरडा तुकडा द्या. शेपटी तो तितकीच हलवेल!