घराभोंवतालचे कांटे, कांचा आणि तारा

दिवाळी जवळ आली कीं नांदगांव तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या घरोघरीं झाडलोट सुरू होते. माळ्यावरील अडगळ खालीं येते, भिंतींस रंग लागतो, आणि वसुबारसेच्या सायंकाळीं स्वच्छ अंगणांत गाय-वासराची पूजा होते. ही रीत उत्तम आहे. परंतु वाचकांस आमचा एक प्रश्न आहे. घरांतून निघालेली फुटकी बाटली, वांकडा खिळा आणि तारेचा तुकडा गेला कोठें? बहुतेक ठिकाणीं उत्तर एकच मिळेल: उकिरड्यावर. म्हणजे जिला सायंकाळीं ओंवाळावयाचें, तिच्याच तोंडापुढें आपण सकाळीं तार टाकिली.

हा केवळ बोलण्याचा अलंकार नव्हे. गाय शेळीप्रमाणें ओठांनीं निवडून खात नाहीं. ती जिभेनें घांस ओढून घेते व पुरता न चावतां गिळते. त्यामुळें चाऱ्यांतील खिळा तिला कळत नाहीं. तो पोटाच्या चार कप्प्यांपैकीं जाळीदार कप्प्यांत जाऊन बसतो. या कप्प्याच्या पुढें एक पातळ पडदा आणि त्यापलीकडे हृदय आहे. पोट आकुंचन पावतें तशी तार पुढें रुतत जाते. गाय शेवटच्या महिन्यांत असली वा विऊं लागली म्हणजे गर्भाच्या दाबानें ती अधिकच सरकते. एकाएकीं दूध आटणें, रवंथ थांबणें, पाठ कमानीसारखी करून व पुढच्या पायांचीं कोपरें बाहेर काढून उभें राहणें, उतारावरून चालतांना कण्हणें, हीं लक्षणें दिसतांच घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें. गळ्याखालील पोळीस सूज आल्यावर जनावर वांचणें कठीण होतें. पशुवैद्य गाईस गुळगुळीत लोहचुंबक गिळावयास देतात व तें त्याच कप्प्यांत राहून लोखंड धरून ठेवितें. पण तांब्याची तार चुंबकास दाद देत नाहीं.

माणसाचा धोकाही लहान नाहीं. धनुर्वाताचें मूळ मातींत आहे हें निकोलायर यानें १८८४ सालीं दाखविलें, आणि १८८९ सालीं किटासाटो या जपानी शास्त्रज्ञानें ते जंतु वेगळे काढिले. पुष्कळांस गंजच या रोगाचें कारण वाटतो. तें खरें नव्हे. माती व शेण यांतील जंतु खोल, अरुंद, हवा न पोंचणाऱ्या जखमेंत वाढतात. म्हणून बाभळीचा कांटा गंजक्या खिळ्याइतकाच घातक होय. जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें धुवावी. तींत तंबाखू, चुना वा शेण भरूं नये. दवाखान्यांत जाऊन लशीविषयीं विचारावें. मळलेली जखम असून शेवटची लस घेऊन पांच वर्षें उलटलीं असल्यास ती पुन्हां देतात.

आपला तालुका पर्जन्यछायेंतील. चारा अपुरा पडला म्हणजे गुरें उकिरडा चिवडतात. शिवाय उतारावरील मुरमाड जमिनींत एका जोराच्या सरीनें माती वाहून जुनी कांच उघडी पडते. उकिरड्यांतील कांच शेणखताबरोबर शेतांत जाते, आणि कांद्याचें रोप चिखलांत अंगठ्यानें दाबणाऱ्या बाईच्या बोटांत शिरते. ज्यानें ती टाकिली त्याचा हात शाबूत राहतो!

यासाठीं आमची सूचना अशी. जाड तळाचे जोडे व हातमोजे घालून, सूर्य तिरपा असतां काम करावें. त्या वेळीं कांच चकाकते. अंगणाचे पट्टे पाडावे. गवतांत वा दगडांखालीं हात घालण्यापूर्वीं काठीनें चाळवावें, कारण तेथें विंचू असूं शकतो. मोठे तुकडे चिमट्यानें उचलावे, मग दाताळें व खराटा फिरवावा, आणि शेवटीं दोरीस बांधलेलें लोहचुंबक जमिनीलगत ओढावें. बारीक कांच ओलें पोतें दाबून टिपावी व तें पोतें पुन्हां वापरूं नये. बैलांस पत्र्या मारिल्यावर पडलेले खिळे त्याच वेळीं मोजून उचलावे. कडब्याच्या पेंढ्या तारेनें बांधूं नयेत. कुंपणास बाभळीच्या फांद्या लाविल्यावर वाट झाडल्याविना काम पुरें झालें असें समजूं नये.

गोठ्याच्या भिंतीस झांकणाचा एक डबा टांगावा. खिळा, तार जें सांपडेल तें त्यांत पडावें व भंगारवाल्यास जावें. कांच जाड पोत्यांत बांधून, आंत कांच आहे असें सांगून, कचरा नेणाऱ्याच्या हवालीं करावी. सुया व पातीं जाड प्लास्टिकच्या बंद डब्यांत सांठवून ती कोठें द्यावीं हें दवाखान्यांत विचारावें. खड्ड्यांत पुरणें हा उपाय नव्हे. नांगर तें वर आणतो.

गाडगेबाबांनीं (१८७६–१९५६) खराटा हातीं घेऊन गांवें झाडलीं, आणि २०००–०१ सालीं शासनानें त्यांच्या नांवें ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें. त्या खराट्यापुढें आम्हांस एवढेंच जोडावयाचें आहे कीं, झाडलेलें कोठें ठेवावयाचें हें आधीं ठरवावें. यंदा वसुबारसेच्या पूजेच्या ताटाआधीं गोठ्यांत तो डबा टांगला जावो.