मोटारींचा शौकीन

वसई तालुक्याच्या पूर्व भागातून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक ४८ असून वसई-विरार भागात नोंदलेल्या मोटारींच्या पाट्यांवरही ‘एम. एच. ४८’ असेच लिहिलेले असते. हा केवळ योगायोग होय. परंतु मोटारींच्या शौकिनास असे योगायोग कोणी सांगावे लागत नाहीत. महामार्गाच्या कडेला उभे राहून तो नुसत्या आवाजावरून येणारी गाडी ओळखतो. कोणती मोटार डौलदार, कोणती चढावर दमते, कोणती ऐन पावसात दगा देते, याविषयी त्याची मते ठाम असतात, आणि ती कोणी न विचारताही तो सांगत असतो.

अशा मतांपैकी काही अनुभवाच्या कसोटीला उतरतात. काहींच्या मुळाशी मात्र केवळ प्रेम असते. ही दोन्ही कशी ओळखावीत, हे एका मोटारीच्या उदाहरणाने पाहता येईल. ती मोटार म्हणजे ‘पद्मिनी’.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी जहाजबांधणी आणि विमाने या उद्योगांत देशी कारखानदारीचा पाया घातला. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे होता. इटलीतील फियाट कंपनीशी करार झाल्यावर तेथे फियाट मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांपैकी पाठीमागे गोलाकार असलेल्या एका मोटारीस लोकांनी गमतीने ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. पुढे १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ ही चौकोनी बांध्याची मोटार आली. तिलाच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणू लागले. काळ्या अंगाची व पिवळ्या टपाची मुंबईची टॅक्सी म्हणून ही मोटार घराघरांत परिचित झाली.

पद्मिनीविषयी शौकिनांचे पहिले मत असे की, तिच्यासारखी दुरुस्तीस सोपी मोटार दुसरी नाही. हे मत बहुतांशी खरे आहे. तिचे १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन पुढील बाजूस असे, आणि एका लांब दांड्याच्या द्वारे त्याची शक्ती मागील चाकांना मिळे. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावरच बसवलेला असल्यामुळे पुढच्या सलग आसनावर जागा मोकळी राही. झाकण उघडताच बहुतेक भाग डोळ्यांना दिसत व हाताला लागत. थंडीच्या सकाळी इंजिन सुरू होईना, तर चालक ‘चोक’ ओढी. त्यामुळे आत जाणारी हवा कमी होऊन मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढे व ते चटकन पेट घेई. पावसाचे पाणी ठिणगी वाटणाऱ्या भागात शिरून मोटार बंद पडली, तर तो भाग कोरड्या फडक्याने पुसला की काम भागे. हल्लीच्या मोटारीत हेच काम संगणक करतो. त्याच्यात बिघाड झाल्यास तो शोधण्यासाठी वेगळे उपकरण लागते.

दुसरे मत असे की, पद्मिनी इतकी उत्तम होती की लोक तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबत. लोक थांबत, ही गोष्ट खरी. परंतु तिचे कारण निराळे होते. त्या काळी मोटारी किती बनवाव्यात यावर सरकारी परवान्याचे बंधन होते आणि परदेशी मोटारी आणण्यावर कडक निर्बंध होते. ग्राहकापुढे पद्मिनी, अँबॅसॅडर आणि आणखी एखादी मोटार, एवढीच निवड असे. ‘फियाट बरी की अँबॅसॅडर बरी’ हा वाद घरोघरी रंगे, तो त्यामुळेच. स्पर्धा नसल्याने दोन्ही मोटारींत वर्षानुवर्षे फारशी सुधारणा झाली नाही. १९८३ साली मारुती ८०० ही लहान, हलकी व कमी पेट्रोल पिणारी मोटार आली, तेव्हा ग्राहकांचा ओढा पाहता पाहता तिच्याकडे वळला. रांग लांब आहे एवढ्यावरून वस्तूची थोरवी ठरत नाही. दुकाने किती आहेत हेही पाहावे लागते.

तिसरे मत सर्वांत जास्त ऐकू येते, आणि तेच सर्वांत घातक आहे. ‘पूर्वीच्या मोटारींचा पत्रा जाड, धडक बसली तरी त्या चेपत नसत. म्हणून त्याच सुरक्षित,’ असे अनेक शौकीन म्हणतात. क्रिकेटचा वेगवान चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो. हात ताठ ठेवला तर चेंडू एकदम थांबतो आणि तळहाताला जबर मार बसतो. मोटारीचेही तसेच आहे. मोटार चेपलीच नाही, तर ती क्षणार्धात थांबते आणि त्या आघाताचा भार आतील माणसांना सोसावा लागतो. म्हणून नव्या मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा आणि माणसे बसण्याचा भाग शक्य तितका भक्कम असा बांधतात. चेपणारा पत्रा आघाताची शक्ती स्वतः गिळतो. कमरेचा व खांद्याचा पट्टा माणसाला पुढे फेकला जाऊ देत नाही. महामार्गावर भरधाव जाणाऱ्यास या ज्ञानाची किंमत प्राणांइतकी आहे.

मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या त्याच महिन्यात संपली आणि रस्त्यावरचे एक ओळखीचे दृश्य नाहीसे झाले. अनेकांना हळहळ वाटली. ती स्वाभाविकच होती. ज्या मोटारीतून कोणी प्रथम शाळेत गेले, कोणी आजारी माणसाला रुग्णालयात नेले, तिचा विसर सहजी पडत नाही.

वसईच्या पश्चिमेकडील निर्मळ, भुईगाव, आगाशी या गावांच्या वाड्यांतून अरुंद व वळणाचे रस्ते जातात. तेथे लहान मोटार सोयीची. महामार्गावरील लांबच्या प्रवासास दुसरी. लोकलच्या स्थानकापर्यंत जाणाऱ्यास कदाचित सायकलच पुरे. वाहनाची योग्यता रस्ता, काम आणि माणसांची सुरक्षितता यांवरून ठरते. खरा शौकीन आपल्या आवडत्या मोटारीचे गुण जितक्या हौसेने सांगतो, तितक्याच मोकळेपणाने तिचे दोषही सांगतो. म्हणूनच त्याचे मत विचारावेसे वाटते.