टोमॅटोचा भाव फुलातच ठरतो

मांजरीच्या उपबाजारात शेतकरी आपला माल घेऊन येतात आणि किरकोळ विक्रेते तो थेट त्यांच्याकडून उचलतात. भाजीपाल्याचा धंदा आपल्या बागवान बिरादरीत तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. टोमॅटो महागला की गिऱ्हाईक हातगाडीवाल्यावर चिडतं, भाव पडला की शेतकरी रडकुंडीला येतो. पण या भावाची सुरुवात बाजारात होत नाही. ती शेतात, दीड-दोन महिने आधी झालेली असते.

वर्गात परागीभवन शिकवताना आम्ही टोमॅटोचं फूल दाखवतो. पराग आणि स्त्रीकेसर एकाच फुलात असतात. वाऱ्याने फूल हललं की पराग झडतो आणि फळ धरतं. या कामाला दिवसा २१ ते २७ अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवतं. दिवसाचा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रही गरम राहिली, की पराग निकामी होतो आणि फूल गळतं. झाड हिरवंगार दिसतं, पण फळ नसतं. थंडी १० अंशांखाली गेली तरी वाढ खुंटते.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. हवा दमट असली की पराग चिकटतो. ढगाळ, गार आणि ओलं हवामान टिकलं तर करपा येतो आणि काही दिवसांत प्लॉट झोपवतो. कोरड्या ताणानंतर एकदम पाऊस झाला तर फळं तडकतात. उलट, उष्ण-कोरड्या हवेत पांढरी माशी वाढते आणि पानं मुरडणारा विषाणू पसरवते.

२०२३ साली आपण हे अनुभवलं. आपल्याच जिल्ह्यातलं जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव टोमॅटोची मोठी बाजारपेठ. त्या वर्षी उन्हाळी पिकाला उष्णता आणि विषाणूने झोडपलं. जुलैत किरकोळ भाव किलोला शंभरच्या पुढे गेला. तो पाहून अनेकांनी लागवड वाढवली आणि सप्टेंबरमध्ये भाव कोसळला.

हवामान आपल्या हातात नाही, पण नुकसान कमी करता येतं. ठिबकने पाणी नियमित द्यावं, मल्चिंग पेपर वापरावा. बांबू-तारेवर बांधणी केली की हवा खेळती राहते. कडेने मका लावला तर पांढऱ्या माशीला थोडा अडथळा होतो. आणि शेजाऱ्याचा भाव पाहून लागवड करू नये, कारण आजचा भाव दोन महिन्यांपूर्वीच्या हवेचा असतो.

गिऱ्हाइकांनीही एक लक्षात ठेवावं. उन्हाळ्यात टोमॅटो पिवळसर दिसला तर ती विक्रेत्याची लबाडी नसते. ३० अंशांच्या वर लाल रंग नीट तयारच होत नाही. म्हणून भाव करण्याआधी गेल्या दोन महिन्यांचं ऊन-पाऊस आठवावं.